बेळगावच्या टिळकवाडीतल्या मेक्सिकन हॉटेलात जेवायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली चार वर्षं पंधरा दिवसांतून एकदा तरी मी या हॉटेलात जेवते. कधी आईला घेऊन, कधी लेकीला, कधी कॉलेजच्या मैत्रिणींना. त्यामुळं शहापूर, अनगोळ, हिंदवाडीपासून निपाणी-खानापूरपर्यंतची ओळखीची माणसं पहिल्यांदा जाण्याआधी मला फोन करतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते सगळे इथं एकत्र लिहून ठेवतेय. हॉटेल पहिल्या मजल्यावर आहे म्हणून आमच्या घरात त्याला 'वरचं' म्हणायची सवय लागलीय, पुढंही तेच नाव वापरते.

मेक्सिकन जेवण आपल्याला झेपेल का? सगळंच अनोळखी असलं तर?

अनोळखी फक्त नावं आहेत. मका, मिरची, टोमॅटो, राजमा, रताळं, चिकू, पेरू, सीताफळ हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. त्यातली मिरची तर मेक्सिकोची खास. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १५२१ मध्ये स्पॅनिशांनी मेक्सिको. पुढं पोर्तुगीज जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि घाट चढून वर आली. त्याआधी आपल्याकडं तिखटासाठी मिरी होती, पिंपळी होती, आलं होतं. 'मिरची' हा शब्दसुद्धा मिऱ्यावरनंच आलाय. टोमॅटोचं नाव तर तिथल्या नावात्ल भाषेतल्या 'तोमात्ल'वरून आलेलं, ते आपण रोज घेतो.

तर 'झेपेल का' याचं माझं उत्तर असं, की जो माणूस भाकरी, राजमा, कांदा, लिंबू आणि मिरचीचा ठेचा खातो त्याला हे झेपतं. मी आजवर चाळीसेक जणांना तरी तिथं नेलंय. उपाशी परत आलेलं कुणी आठवत नाही.

पहिल्यांदा गेल्यावर काय मागवायचं? टाको, बरिटो, केसाडिया, एन्चिलाडा यांत फरक काय?

चारही गोष्टी टॉर्टियाच्याच आहेत. टॉर्टिया म्हणजे पातळ भाकरी, मक्याची किंवा गव्हाची.

टाको म्हणजे तळहाताएवढी मक्याची टॉर्टिया. तिच्यावर भाजी नाहीतर चिकन, वर बारीक कांदा, कोथिंबीर, साल्सा म्हणजे टोमॅटो-मिरचीची चटणी, आणि लिंबू पिळून दोन-तीन घासांत संपवायचं. केसाडियात टॉर्टियामध्ये चीज घालून ती दुमडतात आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजतात. बरिटो मोठ्या गव्हाच्या टॉर्टियात भात, राजमा, भाजी सगळं भरून गुंडाळलेला असतो. हा उत्तर मेक्सिकोचा प्रकार, तिकडं गहू पिकतो म्हणून. एन्चिलाडा म्हणजे मिरचीच्या रश्शात भिजवलेली, आत सारण भरलेली सुरळी. तिला काटा लागतो, बाकी तिन्ही हातानं.

दोघं असाल तर तीन टाको, एक केसाडिया आणि दोन प्रकारचा साल्सा एवढ्यानं सुरुवात करा. सगळं एकदम मागवू नका. टाको गरम असतानाच खायचा असतो, पाच मिनिटांत टॉर्टिया चिवट होते. पहिला संपत आला की दुसरा सांगायचा. 'वरचं' मधल्या पोरांना याची सवय आहे, ती वैतागत नाहीत.

टॉर्टिया म्हणजे मक्याची भाकरीच ना? मग घरची काय वाईट?

हा प्रश्न माझ्या आईनंच पहिल्यांदा विचारला होता आणि उत्तराची सुरुवातही तिनंच केली. गरम टॉर्टिया हातात घेऊन तिनं आधी वास घेतला. म्हणाली, "मक्याचीच आहे, पण चुन्याच्या निवळीचा वास येतोय बघ."

नेमकं ओळखलं होतं तिनं. आपण मका दळून पिठाची भाकरी थापतो. तिकडं आधी मक्याचे अख्खे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात. सकाळी दाणे चोळून धुतले की वरचं जाड साल सुटून येतं. मग ते ओले दाणे वाटून त्याचा गोळा करतात. त्या गोळ्याला मासा म्हणतात आणि चुन्यात शिजवलेल्या दाण्याला निश्तमाल. हाही नावात्ल शब्दच, 'नेश्त्ली' म्हणजे राख आणि 'तमाली' म्हणजे मक्याचा गोळा.

या चुन्यानं दोन गोष्टी होतात. एक, मक्याच्या पिठाला जो चिकटपणा नसतो तो येतो. मक्याची भाकरी थापताना कडा फाटतात हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. चुन्यातल्या मक्याच्या टॉर्टियाच्या कडा फाटत नाहीत, ती दुमडली तरी मोडत नाही. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. मक्यात नायसिन नावाचं जीवनसत्त्व असतं, पण ते बांधलेलं असतं, अंगाला लागत नाही. चुन्यात शिजवलं की ते सुटं होतं, वर कॅल्शियमही मिळतं. युरोपात मका गेला पण चुन्याची रीत गेली नाही. मग उत्तर इटलीत आणि पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात, नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, डोकं भ्रमिष्ट व्हायचं. मेक्सिकोत हजारो वर्षं मका खाऊनही लोक त्यातून वाचले ते त्या चुलीवरच्या चुन्याच्या पातेल्यामुळं.

'वरचं' मध्ये आठवड्यातनं दोनदा मका शिजतो. स्वयंपाकघराला जेवणाच्या खोलीकडं एक खिडकी आहे. तिच्यापलीकडं खानापूरकडच्या एक मावशी टॉर्टिया करतात. लिंबाएवढा गोळा, खाली-वर प्लास्टिकचा कागद, लोखंडी दाबयंत्राचा दांडा एकदा दाबायचा की पापडासारखी गोल चकती तयार. ती कागदावरनं अलगद तळहातावर घेऊन तव्यावर. पहिली बाजू अर्धा मिनिट, दुसरी जरा जास्त, परत उलटली की मधोमध फुगा येतो. मी एकदा फुगा यायच्या आतच हात पुढं केला तर म्हणाल्या, "वाफ धरू दे की गे, मग घे." फुगून बसलेली टॉर्टिया त्या कापडात गुंडाळून टोपलीत ठेवतात, एकावर एक. टेबलावर येते ती त्या टोपलीतली. शक्य झालं तर खिडकीजवळचं टेबल मागा.

तिखट किती असतं? आम्ही संकेश्वरी खाणारी माणसं.

मग मेक्सिकन मिरचीची भीती बाळगायचं कारण नाही. पिझ्झावर दिसते ती हालापेन्यो आपल्या हिशेबानं मध्यमही नाही. हीच मिरची पिकवून, धुरावर वाळवली की तिला चिपोत्ले म्हणतात. तिचा धुरकट वास चुलीवर भाजलेल्या वांग्याची आठवण करून देतो.

पण तिकडं मिरची नुसती तिखटासाठी नसते, हे समजलं की जेवणाची मजा वाढते. एक मिरची रंगाला, एक वासाला, एक गोडसर चवीला, एक जाळाला. आपल्याकडंही असंच आहे. रंगाला ब्याडगी, जाळाला संकेश्वरी, आणि मसाला कुटताना दोन्हींचं प्रमाण घरोघरी वेगळं. 'वरचं'चे मालक हेच करतात. तिकडची वाळकी मिरची महाग आणि जुनी मिळते म्हणून लाल साल्सासाठी हावेरीकडची ब्याडगी भाजून, भिजवून वाटतात आणि त्यात दोन-चार संकेश्वरी घालतात. मला हे मनापासून पटतं. ताजी इथली मिरची डब्यातल्या शिळ्या मिरचीपेक्षा केव्हाही बरी.

टेबलावर तीन वाट्या येतात. हिरवी सौम्य, लाल मध्यम, आणि काळपट लाल जी आहे ती जपून. जाळ झाला तर पाणी पिऊ नका. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. साय, दही किंवा आंबट क्रीमचा चमचा घ्या.

मेनूवरची नावं उच्चारायची कशी? चुकलं तर लाज वाटते.

लाजायचं काही नाही. स्पॅनिशमध्ये 'जे' अक्षराचा उच्चार 'ह' होतो, आणि 'एल' दोनदा आलं की 'य'. म्हणून हालापेन्यो, टॉर्टिया, केसाडिया. स्वतःच्या देशालाही ते मेहिको म्हणतात. नाही जमलं तर बोट दाखवा. बेळगावात आपण भाव कन्नडात विचारतो, घासाघीस मराठीत करतो आणि निघताना हिंदीत बोलतो. चौथ्या भाषेतले चार शब्द सहज बसतात जिभेवर. वाढणारी पोरं मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात.

नाचोज म्हणजे ती पाकिटातली त्रिकोणी चिप्सच ना? त्यासाठी हॉटेलात कशाला जायचं?

पाकिटातली चिप्स मीही खाते, पण नाचोज हा पदार्थ वेगळा आहे. त्याची गोष्ट मला फार जवळची वाटते.

मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर पिएद्रास नेग्रास नावाचं गाव आहे. मध्ये नदी, नदीवर पूल आणि पलीकडं अमेरिकेतल्या टेक्सासचं ईगल पास. १९४३ साली पलीकडच्या काही बायका पूल ओलांडून इकडच्या एका हॉटेलात आल्या. भूक लागलेली, आणि आचारी जागेवर नाही. तिथं इग्नासिओ अनाया नावाचे गृहस्थ कामाला होते. त्यांनी टॉर्टियाचे तुकडे तळले, वर चीज किसून वितळवलं, हालापेन्योच्या चकत्या ठेवल्या आणि ताट पुढं केलं. इग्नासिओ नावाच्या माणसाला तिकडं लाडानं नाचो म्हणतात, जसं आपण सदाशिवला सदा म्हणतो. तेच नाव पदार्थाला पडलं. सीझर सॅलडची गोष्टही अशीच, तेही सीमेवरच्याच तिहुआनात १९२४ साली झालं.

टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोतच होतं. पुढं १८४६ ते १८४८ च्या युद्धानंतर सीमा आणखी खाली सरकली. माणसं होती तिथंच राहिली, त्यांची भाषा आणि भाकरीही राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला जिल्हा मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेला तेव्हा माझी आजी शहापुरातल्या त्याच घरात, त्याच चुलीपुढं बसलेली होती. सीमेवर राहणाऱ्या माणसाच्या ताटात दोन्हीकडचं येतं हे मला कुणी समजावून सांगायला लागत नाही. आमच्या घरात एकाच पंगतीत पुरणपोळी आणि होळगी ही दोन्ही नावं चालतात. म्हणून नाचोजना कुणी 'हे खरं मेक्सिकन नव्हेच' म्हणून हिणवलं की मला वाईट वाटतं.

'वरचं' मध्ये ते शिळ्या टॉर्टिया तळून करतात, तसेच करायचे असतात. चीज वितळलेलं असतानाच खा. एका मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये मला पाकिटातल्या चिप्सवर टोमॅटो सॉस घालून नाचोज म्हणून दिले होते आणि पैसे दुप्पट घेतले होते. त्यानंतर बाहेर कुठंही मागवायच्या आधी विचारून घेते.

मग हे खरं मेक्सिकन आहे का?

काही खरं मेक्सिकन, काही सीमेपलीकडचं टेक्सासचं, काही आपलं. मक्याची टॉर्टिया, साल्सा, राजमा, हे मेक्सिकोचं. पिवळं चीज भरपूर घातलेलं, आणि फहिता, म्हणजे परतलेल्या मांसाच्या नाहीतर भाज्यांच्या पट्ट्या, हे टेक्सासच्या बाजूचं. नाचोज अगदी सीमेवरचे. पनीर टाको बेळगावचा. 'आल पास्तोर' नावाचा टाको तर मेक्सिकोत जाऊन राहिलेल्या लेबनॉनच्या लोकांच्या शवार्मावरून निघाला. तिथं तो डुकराच्या मांसाचा असतो, इथं चिकनचा करतात. मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला २०१० मध्ये युनेस्कोनं मानवी वारशाच्या यादीत घेतलं, त्याच्या मुळाशी मका, राजमा आणि मिरची हे तीनच आहेत. हे तिन्ही 'वरचं' मध्ये मन लावून केलं जातं. माझ्यापुरतं तेवढं पुरतं.

शाकाहारी लोकांनी काय बघायचं? जैन जेवण मिळतं का?

मिळतं, पण सांगावं लागतं. राजम्याचं 'रिफ्राइड बीन्स' म्हणतात ते शिजवून, ठेचून, परतलेलं असतं. मेक्सिकोत ते डुकराच्या चरबीत परततात, इथं तेलात. तरी दुसऱ्या कुठल्या गावी खाल तेव्हा हा प्रश्न जरूर विचारा. चीज कुठलं वापरता हेही विचारा. काही विदेशी चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं. 'वरचं' मध्ये एकदा मी विचारलं तर मालकांनी आतनं पाकीटच आणून हिरवी खूण दाखवली.

जैन असाल तर आधी फोन करा. कांदा-लसूण वगळून साल्सा वेगळा करावा लागतो, त्याला अर्धा तास जातो. आमच्या शेजारच्या काकू चातुर्मासातही येतात, सूर्यास्ताआधी, आणि त्यांना राजमा, मका, टोमॅटो, चीज एवढ्यात दोन प्रकार करून देतात. तवा वेगळा मागितला तर देतात. गव्हाची ॲलर्जी असलेल्यांना मक्याचे टाको चालतात, पण त्याच तव्यावर गव्हाच्या टॉर्टियाही भाजतात, त्यामुळं तुम्ही सांगायलाच हवं.

ग्वाकामोले एवढं महाग का?

अव्होकाडोमुळं. आपल्या कर्नाटकात त्याला बटरफ्रूट म्हणतात, ज्यूस सेंटरवर त्याचं दूध मिळतं ते हेच. पावसाळ्यात कोडगूकडचं फळ येतं तेव्हा दर उतरतो आणि चवही चांगली असते. बाकीच्या दिवसांत बाहेरचं. कापल्यावर ते हवेनं काळं पडतं, म्हणून मागवल्यावरच ठेचतात, लिंबू, मीठ, कांदा, कोथिंबीर, मिरची घालून. आधीच करून ठेवलेलं हिरवंगार ग्वाकामोले दिसलं तर मी घेत नाही.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं काय खातील?

मुलं केसाडिया खातात, प्रश्नच येत नाही. दात कमी असलेल्यांना एन्चिलाडा, तो मऊ असतो. जिना सोळा पायऱ्यांचा आहे आणि लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांना हे आधी सांगून आणा.

भिंतीवर कवट्यांची चित्रं का आहेत? आईला अशुभ वाटलं.

माझ्याही आईला वाटलं होतं. ती चित्रं 'दिया दे मुएर्तोस'ची आहेत, म्हणजे मृतांच्या दिवसाची. १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत घरोघरी गेलेल्या माणसांचे फोटो मांडतात, त्यांच्या आवडीचं जेवण, पाणी, मेणबत्त्या ठेवतात आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, ती माणसं वासानं घरी यावीत म्हणून. आपण सर्वपित्रीला काय वेगळं करतो? गेलेल्याच्या आवडीची भाजी आठवून करतो, पान वाढतो आणि कावळ्याची वाट बघतो. कवटी तिकडं हसरी, रंगवलेली, साखरेचीसुद्धा असते. मुलं ती खातात.

आणि झेंडू! दसऱ्याला आपण दाराला लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. हे सांगितल्यावर आई बराच वेळ गप्प होती.

ऑक्टोबरच्या शेवटी मालक जिन्याच्या वरच्या पायरीशी एक छोटं टेबल मांडतात. झेंडूची माळ, पाण्याचा पेला, त्यांच्या वडिलांचा फोटो. गिऱ्हाइकांनीही आणून काही ठेवलं तर चालतं. गेल्या वर्षी मी बाबांसाठी भाजलेलं रताळं ठेवलं. बाबांना चुलीतल्या राखेत भाजलेलं रताळं लागायचं, साल काढून, वर साजूक तुपाचं बोट. आईनं घरनं तुपाची वाटी पर्समध्ये आणली होती हे मला तिथं गेल्यावर कळलं. तिनं रताळ्याला तूप लावलं, हात जोडले, आणि मग आम्ही आत जाऊन जेवलो.

जायला चांगला दिवस कोणता?

मंगळवार ते गुरुवार, संध्याकाळी साडेसातच्या आत. शनिवार-रविवार गोव्याहून परतणारी गर्दी असते. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री आणि अनंत चतुर्दशीला गाडी घेऊन यायचं मनातही आणू नका, विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. १ नोव्हेंबरला चन्नम्मा सर्कलकडचे रस्ते राज्योत्सवाच्या मिरवणुकीनं भरलेले असतात आणि आपल्या बऱ्याच घरांत तो काळा दिवस पाळतात. मृतांच्या दिवसाचं टेबल बघायचं असेल तर ३० किंवा ३१ ऑक्टोबरला जा.

मधल्या वारी जा असं मी म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. हॉटेल रविवारच्या गर्दीवर चालत नाही, बुधवारच्या चार टेबलांवर चालतं. करोनाच्या टाळेबंदीनंतर गावातली किती चांगली हॉटेलं बंद झाली ती आपण बघितली. हे राहावं असं मला वाटतं.

निपाणी, चिकोडी किंवा कोल्हापूरला पार्सल नेता येईल का?

बरिटो नेता येतो, टाको नाही. मी एकदा आठ टाको बांधून निपाणीला मावशीकडं नेले. हायवेवर पाऊस, गाडी हळू, आणि डबा उघडला तेव्हा टॉर्टिया पाणी सुटून लगदा झालेल्या. मावशीनं चमच्यानं खाल्ले आणि चांगले आहेत म्हणाली, पण मला रडू यायचं बाकी होतं. तेव्हापासून सगळं सुटं बांधून घेते. टॉर्टिया कापडात, सारण डब्यात, साल्सा बाटलीत, कांदा-कोथिंबीर कोरडी. पोहोचल्यावर तवा तापवायचा, टॉर्टियावर पाण्याचा हात फिरवून दोन्ही बाजूंनी गरम करायची. ताजी असल्यासारखी लागते.

घरी करता येईल का?

येईल, सवड हवी. स्वीट कॉर्न चालत नाही, जून वाळलेला मका घ्या. एक किलो मक्याला दहा ग्रॅम खायचा चुना, पानाला लावतो तोच, रंगकामाचा अजिबात नाही. भरपूर पाण्यात चुना विरघळवून मका घाला, उकळी आल्यावर मंद आचेवर पाऊण तास ठेवा. दाणा नखानं दाबल्यावर साल सुटायला लागलं की गॅस बंद करून रात्रभर झाकून ठेवा. पातेलं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको, चुन्यानं ते काळं पडतं. सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा. मिक्सरमध्ये वाटलं तर पाणी जास्त घालावं लागतं आणि गोळा सैल होतो. इडलीच्या ग्राइंडरमध्ये थोडं थोडं वाटा. ज्यांच्याकडं पाटा-वरवंटा अजून आहे त्यांचं नशीब थोर, मेक्सिकोतल्या बायका मेताते नावाच्या दगडी पाट्यावरच मका वाटत आल्या आहेत.

साल्सा त्याहून सोपा. टोमॅटो, कांद्याची फोड, लसणाच्या पाकळ्या, हिरवी मिरची कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा. मग खलबत्त्यात आधी लसूण, मिरची आणि मीठ, नंतर टोमॅटो. मिक्सरमध्ये तो गुळगुळीत होतो, खलबत्त्यात दाणेदार राहतो. लिंबू शेवटी.

गोड काय घ्यायचं? आणि प्यायला?

ओर्चाता घ्या. भिजवलेले तांदूळ दालचिनीबरोबर वाटून, गाळून, साखर घालून थंड केलेलं पेय. इथं त्याला बेळगावी बासमती वापरतात, पेला तोंडाशी नेण्याआधीच वास येतो. लाल रंगाचं आंबट पेय दिसेल ते अंबाडीच्या जातीच्या फुलांचं. आपण जिची पुंडीची भाजी करतो तिचीच ही बहीण.

गोडात चुरो, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्या, वर साखर-दालचिनी. त्याबरोबर काहेता मागा. बकरीचं दूध साखर घालून तांबूस होईपर्यंत आटवलेलं असतं. 'वरचं' मध्ये म्हशीच्या दुधाचं करतात. आई पहिल्याच चमच्याला म्हणाली, "हा तर पातळ कुंदा." मालकांनी ऐकलं आणि त्या दिवसापासून ते बेळगावच्या गिऱ्हाइकांना काहेता तसंच समजावून सांगतात.

खर्च किती? पैसे कसे द्यायचे?

दोघांचं पोटभर जेवण सातशे-आठशे रुपयांत होतं, ग्वाकामोले धरलं तर वर. फोनवरनं पैसे चालतात, रोखही. गाडी लावायला खाली जागा कमी आहे, पुढच्या गल्लीत लावून चालत या.

मेनूकार्डावर नसलेलं काही आहे का?

आहे, आणि माझ्या मते तिथला सगळ्यात चांगला पदार्थ तोच आहे. नवरात्राच्या सुमाराला बेळगावच्या बाजारात तालुक्यातनं, खानापूरकडनं रताळ्यांची पोती उतरायला लागली की मावशी दोन-तीन किलो बाजूला काढून ठेवतात. मेक्सिकोत रताळ्याला कामोते म्हणतात आणि मेक्सिको शहरात संध्याकाळी भाजक्या रताळ्यांची गाडी फिरते, तिच्या वाफेच्या शिट्टीवरनं लोकांना ती आल्याचं कळतं. इथं मावशी रताळी सालासकट निखाऱ्यावर भाजतात, सोलून जाड फोडी करतात. टॉर्टियावर आधी राजम्याचा थर, मग रताळं, त्यावर काळपट लाल साल्सा, कच्चा कांदा, लिंबू. पहिल्यांदा गोड लागतं, मग धूर लागतो, मग मिरची येते.

लिहिलेलं कुठंच नाही. खिडकीशी जाऊन "मावशी, रताळी आलीत काय?" एवढं विचारा. आली असली तर त्या नुसती मान हलवतात आणि तव्याकडं वळतात.